अस्तराचे सांधे

लहान आतड्याचे आतले अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. या थराच्या एका बाजूला चावलेली भाकरी, पाणी, पित्त, पाचकरस आणि जिवाणू असतात. दुसऱ्या बाजूला केशवाहिन्यांतले रक्त. मधली पेशी उभट असते आणि तिची उंची मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढी भरते. अस्तराला घड्या आहेत, घड्यांवर व्हिलाय नावाचे बारीक उंचवटे आहेत आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर हजारो सूक्ष्म तंतूंची दाटी आहे. हे सगळे उलगडून मोजले तर माणसाच्या पचनमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास होते, असा हिशेब स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला. टेनिस कोर्टाएवढे क्षेत्रफळ सांगणारी जुनी पुस्तके बरीच पुढे गेली होती. पण साडेतीनशे चौरस फूटही थोडे नाहीत, कारण यातल्या बहुतेक जागेत दुसरा थर नाही.

पेशीचे आवरण मेदाचे असते. त्यातून मीठ किंवा साखर आपोआप आरपार जात नाही. त्यांना आत घेणारी वेगळी वाहक प्रथिने आवरणात बसवलेली असतात, त्यामुळे काय आत घ्यायचे याची निवड पेशी स्वतः करते. मात्र दोन शेजारी पेशींच्या मध्ये फट राहतेच. ती मोकळी राहिली तर ही सगळी निवड वाया जाईल, कारण पेशीने नाकारलेला पदार्थ बाजूच्या फटीतून रक्तापर्यंत पोचेल. म्हणून अस्तराचे काम पेशींवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या सांध्यांवर आहे. हे सांधे एकदा घातले आणि संपले असे नसते. ते सतत बांधले जातात, सैल होतात आणि पुन्हा बांधले जातात. परभणी जिल्ह्यातला कडक उन्हाळा, तिथल्या काळ्या जमिनीत उणे पडणारे जस्त, पावसात भिजलेली ज्वारी आणि पावसाळ्यात कोवळे गवत खाणारी शेळी या सगळ्यांचा या सांध्यांशी थेट संबंध आहे.

साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांना पेशींच्या माथ्याजवळ, दोन पेशींच्या मध्ये, गडद ठिपके दिसत. तिथे कसला तरी लुकणासारखा पदार्थ भरलेला असावा असा समज बराच काळ होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर तो समज मोडला. मॅरिलिन फारक्वार आणि जॉर्ज पॅलेड यांनी १९६३ मध्ये उंदीर आणि गिनीपिग यांच्या आतड्यासह अनेक अवयवांची अस्तरे तपासून दाखवले, की तो ठिपका म्हणजे एकाखाली एक असलेले तीन वेगवेगळे सांधे आहेत आणि त्यांचा वरून खाली येण्याचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत वर टाइट जंक्शन, त्याखाली अॅडहेरन्स जंक्शन आणि त्याखाली डेस्मोसोम. पुढे त्यांत गॅप जंक्शन या चौथ्या सांध्याची भर पडली.

टाइट जंक्शनच्या जागी दोन पेशींची आवरणे एकमेकांना इतकी भिडतात, की मध्ये अंतरच उरत नाही. ऊतक गोठवून, तडकवून पाहिले तर तिथे बारीक दोऱ्यांचे जाळे दिसते. हे जाळे पेशीच्या माथ्याभोवती पूर्ण वेढा घेते आणि शेजारणीच्या जाळ्याशी जुळते. हे दोरे कशाचे बनले आहेत हे कळायला मात्र तीस वर्षे लागली. जपानमधल्या शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या यकृतातून पेशींचे सांधे वेगळे काढण्याची पद्धत बसवली गेली आणि मिकिओ फुरुसे व सहकाऱ्यांना १९९३ मध्ये त्यातून ऑक्लुडिन नावाचे प्रथिन मिळाले. शोध पूर्ण झाला असेच तेव्हा वाटले. पण ऑक्लुडिनचा जनुक काढून टाकलेल्या पेशींमध्येही टाइट जंक्शन व्यवस्थित तयार होत होते. म्हणजे दोऱ्याचा कणा दुसरेच काही असणार. त्याच गटाने पुन्हा कोंबडीच्या यकृताकडे वळून १९९८ मध्ये क्लॉडिन शोधून काढले. सस्तन प्राण्यांत क्लॉडिनचे सत्तावीसच्या आसपास प्रकार आहेत. ठिकाणाप्रमाणे त्यांची निवड बदलते: आतड्याच्या खोलगट भागात काही प्रकार जास्त, व्हिलायच्या टोकाला दुसरे, मोठ्या आतड्यात आणखी वेगळे.

ही प्रथिने पेशीच्या आवरणाला भेदून बसतात. बाहेरच्या बाजूला त्यांचे फासे शेजारच्या पेशीतल्या फाशांत अडकतात, आतल्या बाजूला त्यांचे शेपूट झेडओ-१ सारख्या आधार-प्रथिनांना धरून असते. आधार-प्रथिने पुढे अॅक्टिनच्या तंतूंना जोडलेली असतात. अॅक्टिन आणि मायोसिन ही जोडी स्नायूंच्या आकुंचनामागे असते, तशीच ती इथेही आहे. पेशीच्या माथ्याभोवती तिचे कडे असते. कडे आवळले की सांध्यावर ताण येतो आणि तो किंचित उघडतो. सांधा सैल कसा होतो याचे निम्मे उत्तर या कड्यात आहे.

अॅडहेरन्स जंक्शनमध्ये दोन पेशींमध्ये सुमारे वीस नॅनोमीटर अंतर राहते आणि ते अंतर ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने सांधलेले असते. त्याच्या शोधामागे एक साधे निरीक्षण आहे. मासातोशी ताकेइची यांनी पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य वापरले होते. एका प्रयोगशाळेत सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत, दुसरीकडे चिकटत नसत. फरक एवढाच होता, की दुसऱ्या ठिकाणच्या द्रावणात कॅल्शियम धरून ठेवणारे ईडीटीए मिसळलेले होते. कॅल्शियम जाग्यावर असेल तर चिकटवणारे प्रथिन ट्रिप्सिनपासून बचावते, नसेल तर कापले जाते, हे १९७७ मध्ये स्पष्ट झाले. कॅडहेरिनचा बाहेरचा भाग पाच तुकड्यांचा असतो आणि दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत कॅल्शियमचे आयन बसतात. ते असले तर प्रथिन ताठ उभे राहते व समोरच्याला धरते; नसले तर लुळे पडते. आजही कोणत्याही प्रयोगशाळेत शेळीच्या किंवा कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यावरून अस्तराच्या पेशी सुट्या करायच्या असतील तर तो तुकडा ईडीटीएच्या द्रावणात हलवत ठेवतात. थोड्याच वेळात स्वच्छ द्रावण गढूळ होते. तो गढूळपणा म्हणजे शेजार सुटून तरंगू लागलेल्या पेशी आणि पेशींची लहान पत्रे. ऊतकात काही कापलेले नसते, फक्त कॅल्शियम काढून घेतलेले असते.

अॅडहेरन्स जंक्शन आधी तयार होते आणि त्याच्या आधाराने वर टाइट जंक्शन उभे राहते. म्हणून ई-कॅडहेरिन बिघडले की वरचा सांधाही टिकत नाही. कॅन्सरच्या अभ्यासात या प्रथिनाला मोठे स्थान आहे. अस्तरापासून निघालेल्या गाठीतल्या पेशींनी ई-कॅडहेरिन गमावले की त्या एकमेकींना सोडून पसरू लागतात. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणारा जठराचा कॅन्सर याच प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळे होतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले.

डेस्मोसोम हा वेढा नसतो. तो गोधडीच्या टाक्यांसारखा ठिकठिकाणी घातलेला सांधा आहे. डेस्मोग्लिन आणि डेस्मोकॉलिन ही कॅडहेरिनच्याच घराण्यातली प्रथिने इथे दोन पेशींना धरतात आणि आतल्या बाजूला केराटिनच्या मजबूत तंतूंशी बांधली जातात. आतडे दिवसभर आकुंचन पावत अन्न पुढे ढकलत असते. त्या ओढाताणीत अस्तर फाटत नाही ते मुख्यतः डेस्मोसोममुळे. गॅप जंक्शनचे काम निराळे आहे. सहा कॉनेक्सिन प्रथिनांची नळी एका पेशीत, तशीच दुसरीत, आणि दोन्ही समोरासमोर जुळलेल्या. त्यातून आयन आणि लहान रेणू एका पेशीतून दुसरीत जातात, त्यामुळे एका पेशीला मिळालेला इशारा शेजारणींपर्यंत पोचतो.

या चौघांपैकी रक्तात काय जाते, यावर सर्वांत जास्त सत्ता टाइट जंक्शनची. ते नुसते बंद नसते, निवडक असते. क्लॉडिन-२ आणि क्लॉडिन-१५ यांच्या दोऱ्यांत नॅनोमीटरपेक्षाही अरुंद छिद्रे असतात. त्यांतून सोडियमसारखे धनभारित आयन जाऊ शकतात, क्लॉडिन-२ च्या छिद्रातून पाणीही जाते. क्लॉडिन-४ सारखे प्रकार उलट सांधा आवळतात. कोणते क्लॉडिन किती, यावर सांध्याचा स्वभाव ठरतो. लहान आतड्याचा सांधा तुलनेने सैल असतो आणि मोठ्या आतड्याचा घट्ट. ही सैलपणाची गरज उंदरांवरच्या एका प्रयोगाने ठळक केली. क्लॉडिन-२ आणि क्लॉडिन-१५ हे दोन्ही जनुक काढून टाकलेल्या उंदरांची पिले कुपोषणाने लहानपणीच मेली. अन्न पोटात होते, पण शोषले जात नव्हते. ग्लुकोज आत घेणारे वाहक प्रथिन प्रत्येक खेपेला सोडियमही बरोबर घेते. एवढे सोडियम अन्नातून मिळत नाही; ते रक्ताच्या बाजूने सांध्यांमधूनच परत आतड्याच्या पोकळीत यावे लागते. परतीची वाट बुजली की वाहक रिकामे उभे राहतात. घट्ट असणे म्हणजे चांगले असणे, हा समज इथे पार कोसळतो.

जलसंजीवनी याच यंत्रणेवर चालते. पटकीमध्ये जिवाणूचे विष पेशीच्या माथ्यावरची क्लोराइडची दारे उघडी ठेवते. क्लोराइड बाहेर पडतो, त्यामागोमाग सोडियम आणि पाणी पेशींमधल्या सांध्यांतून पोकळीत ओतले जाते आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. ग्लुकोज-सोडियमचा वाहक मात्र या विषाने बिघडत नाही. म्हणून मीठ आणि साखर एकत्र दिले तर ते आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे येते. वाहक कामाला लागला की माथ्याभोवतीचे कडे आवळते, टाइट जंक्शन किंचित उघडते आणि शोषणाला आणखी वाट मिळते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडाने पाजले आणि पटकीचे मृत्यू झपाट्याने कमी केले. जलसंजीवनीचे पाकीट घरात नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाळावे. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते, म्हणून अंदाजपंचे घालू नये.

सांधे धड असतील तर मोठे रेणू त्यांतून जात नाहीत. नवजात वासराच्या बाबतीत हे नीट लक्षात घेतले पाहिजे. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे वासराला मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात आणि अखंड स्वरूपात आतड्यातून रक्तात जातात. इतके मोठे रेणू जातात तेव्हा वासराच्या अस्तराचे सांधेच उघडे असावेत असे वाटते. तसे नसते. पहिले काही तास अस्तराच्या पेशी स्वतःच त्यांना गिळतात आणि दुसऱ्या बाजूला सोडतात. ही सोय सुमारे चोवीस तासांत बंद होते. लाल कंधारी असो की संकरित, वासराला पहिल्या दोन-तीन तासांत चीक पाजण्यावर पशुवैद्य जोर देतात तो यासाठी. खरवसासाठी चीक राखून ठेवणाऱ्या घरात आधी वासराचे पोट भरलेले असावे.

या अस्तराची आणखी एक अवघड बाजू आहे. त्यातली पेशी तीन ते पाच दिवसच जगते. व्हिलायच्या तळाशी असलेल्या खोलगट जागेत मूलपेशी सतत नव्या पेशी घडवतात, त्या हळूहळू वर सरकतात आणि टोकाशी पोचल्या की गळून पडतात. माणसाच्या आतड्यातून रोज अब्जावधी पेशी अशा गळतात. प्रत्येक पेशी गळताना भोक पडायला हवे, पण पडत नाही. निघू पाहणारी पेशी शेजारणींना इशारा देते. शेजारणी तिच्याखाली अॅक्टिन-मायोसिनचे कडे आवळत आणतात. टाइट जंक्शनची प्रथिने कडेने खाली उतरतात. आणि पेशी वर ढकलली जाईपर्यंत खाली नवा सांधा तयार झालेला असतो. या क्रमात जीवशास्त्राला अजून पुष्कळ उलगडायचे आहे, आणि अस्तराच्या अभ्यासातला हाच भाग सर्वांत विलक्षण आहे. जळजळ वाढली की पेशी गळण्याचा वेग वाढतो, सांधणी मागे पडते आणि खरीखुरी भोके राहतात.

सांधे बिघडवणाऱ्या गोष्टींत उष्णता मराठवाड्याच्या सर्वांत जवळची. परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. हळद शिजवणे, धसकटे वेचणे, विटा-मातीचे काम अशा वेळीही थांबत नाही. शरीर तापले की हृदय जास्तीत जास्त रक्त कातडीकडे वळवते, म्हणजे घाम येऊन उष्णता बाहेर पडावी. ते रक्त आतड्याच्या वाट्यातून येते. रक्त कमी, प्राणवायू कमी आणि वर शरीराचे वाढलेले तापमान, असा तिहेरी मार अस्तराला बसतो. माणसाच्या आतड्यातून वाढवलेल्या पेशींचा थर प्रयोगशाळेत ३७ अंशांऐवजी ३९ आणि ४१ अंशांवर ठेवला तर त्याची गळती वाढते हे दिसले आहे. शरीरात तसे झाले की आतड्यातल्या जिवाणूंच्या आवरणाचे विषारी तुकडे सांध्यांमधून निसटून यकृताकडे जातात. यकृत त्यांतले बरेच गाळते. जे उरते ते सर्वांगात दाह पेटवते. उष्माघातात मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एकदम कोलमडते त्यामागे नुसते तापमान नसते, ही गळतीही असते.

शरीर याला तोंड देण्याची तयारीही करते. रोज थोडी उष्णता सोसणाऱ्या पेशी उष्माप्रथिने तयार करतात आणि ऑक्लुडिनचे उत्पादन वाढवतात, म्हणून हळूहळू सवय झालेला माणूस एकदम उन्हात उतरलेल्या माणसापेक्षा जास्त टिकतो. पण अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात कष्ट करणे घातक आहे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अस्तराला स्वतःच इजा करतात, आणि कष्टाच्या कामाबरोबर घेतल्या तर गळती आणखी वाढते. दारूही सांधे सैल करते. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये हेच संकट दाटीने उभे राहते, कारण कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच थंड होते. उन्हाळ्यात पक्ष्यांची वाढ खुंटते त्याला कमी खाणे हे एक कारण आणि अस्तराची गळती हे दुसरे.

पावसात भिजलेल्या धान्याचाही यात वाटा आहे. खरिपाची ज्वारी दाणे भरताना पाऊस लागला की काळी पडते. हा काळेपणा बुरशीचा असतो आणि त्या बुरशींपैकी फ्युझेरियम फ्युमोनिसिन नावाचे विष तयार करते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी आणि मका खाल्लेल्या कुटुंबांमध्ये पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब अशी साथ आली. त्या घरांतले धान्य एका दिवसाच्या पिलांना घातले तेव्हा त्यांनाही हगवण लागली. फ्युमोनिसिन पेशीच्या आवरणातले काही मेद बनवण्याची प्रक्रिया अडवते. आवरण बिघडले की त्यात रोवलेली सांध्यांची प्रथिनेही जाग्यावर राहत नाहीत. रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पिकते म्हणून या संकटातून बहुधा सुटते. काळी पडलेली खरीप ज्वारी मात्र स्वस्तात विकली जाते आणि गरिबाच्या घरात किंवा कोंबड्यांच्या खाद्यात पोचते. ती धुऊन, उन्हात वाळवून निर्धोक होते हा समज चुकीचा आहे. फ्युमोनिसिन भाकरीच्या तव्यावरही पूर्ण नष्ट होत नाही.

काही जिवाणूंनी तर सांध्यांनाच लक्ष्य केलेले आहे. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या एका प्रकाराचे विष क्लॉडिन-३ आणि क्लॉडिन-४ यांना नेमके पकडते, त्यांच्या आधाराने पेशीच्या आवरणात भोक पाडते आणि पेशी मारते. या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. कंदुरीच्या जेवणाला मोठ्या पातेल्यात केलेला मटणाचा रस्सा झाकून तसाच रात्रभर ठेवला, की पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि बीजाणूंतून लाखो जिवाणू तयार होतात. तो रस्सा सकाळी नुसता गरम करून वाढला, तर दुपारपासून रात्रीपर्यंत पंगतीतल्या अनेकांना एकाच वेळी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. उरलेला रस्सा पसरट भांड्यांत ओतून लवकर थंड करावा आणि वाढण्याआधी चांगला उकळावा.

त्याच जिवाणूचा दुसरा प्रकार शेळ्या-मेंढ्यांत आंत्रविषार घडवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळे लुसलुशीत गवत किंवा अचानक मिळालेले भरपूर धान्य खाऊन कळपातले अंगाने सर्वांत चांगले करडू सकाळी मेलेले आढळते. आतड्यात पिष्टमय पदार्थ साचले की जिवाणू वाढतात. त्यांचे विष निष्क्रिय रूपात तयार होते आणि शेळीच्याच ट्रिप्सिनमुळे जागे होते. मग ते अस्तराची पारगम्यता वाढवते, स्वतःच केलेल्या वाटेने रक्तात शिरते आणि मेंदू व मूत्रपिंडांवर घाला घालते. शवविच्छेदनात मूत्रपिंड मऊ पडलेले दिसते. आतड्याचा नमुना मात्र लगेच फॉर्मॅलिनमध्ये घालावा लागतो. मृत्यूनंतर सर्वांत आधी सुटणारे ऊतक हेच. उन्हाळ्यात तास-दोन तासांत अस्तर इतके गळून जाते, की रोगाने बिघडलेले काय आणि मरणोत्तर कुजलेले काय हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्या घरांना मराठवाड्यात पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यायला सांगतात, कारण आजार दिसल्यावर उपचाराला वेळ उरत नाही.

सांधे घट्ट ठेवण्यात जस्ताचा वाटा आता चांगलाच स्पष्ट झाला आहे. जस्त कमी असलेल्या द्रावणात आतड्याच्या पेशी वाढवल्या तर ऑक्लुडिन आणि झेडओ-१ विस्कळीत होतात. जुलाब झालेल्या मुलांना जस्त दिले तर आतड्याची गळती कमी होते, असे बांगलादेशातल्या अभ्यासात दिसले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाबात जलसंजीवनीबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. भारतात सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, असे चौदा दिवस झिंकच्या गोळ्या देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

हे जस्त जेवणातून कुठून यावे, हा मराठवाड्याचा खास प्रश्न आहे. इथल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जस्त असले तरी पिकाच्या मुळांना ते मिळत नाही आणि शेतकरी पिकाला झिंक सल्फेट देतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्ये परभणी शक्ती हे ज्वारीचे वाण प्रसारित केले. एरवीच्या ज्वारीत किलोला सुमारे २० मिलिग्रॅम जस्त असते, या वाणात ते ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे; लोहही जास्त आहे. दिवसाला ३०० ग्रॅम ज्वारीच्या भाकऱ्या खाणाऱ्याला सहाऐवजी साडेनऊ मिलिग्रॅम जस्त मिळेल. प्रौढ पुरुषाची रोजची गरज १७ मिलिग्रॅम धरली जाते, तेव्हा हा फरक लहान नाही. धान्यातले फायटेट जस्ताला बांधून ठेवते आणि सगळे शोषू देत नाही, म्हणून भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडे किंवा मटण यांची जोड लागतेच. तरीही औषधाच्या दुकानात न जाता ताटातून जस्त वाढवण्याचा हा मार्ग मोलाचा आहे, आणि तो परभणीतून निघाला आहे.

सांधे किती सैल आहेत हे जिवंत माणसात मोजण्यासाठी दोन साखरांची चाचणी वापरतात. उपाशीपोटी लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल यांचे द्रावण पाजतात आणि पुढच्या पाच तासांची लघवी गोळा करतात. शरीर या दोन्ही साखरा वापरत नाही. जेवढ्या आत शिरल्या तेवढ्या लघवीत उतरतात. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो निरोगी आतड्यातूनही जातो. लॅक्टुलोजचा मोठा, तो सहसा अडतो. लघवीत लॅक्टुलोजचे प्रमाण वाढले तर सांधे सैल. वारंवार जुलाब होणाऱ्या, अस्वच्छ पाणी पिणाऱ्या मुलांत हे प्रमाण वाढलेले दिसते आणि त्यांची उंची खुंटण्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारात क्लॉडिन-२ वाढते आणि सांधे गळतात. रुग्णाच्या निरोगी नातेवाइकांपैकी काहींतही गळती जास्त आढळते, म्हणून गळती हे आजाराचे फक्त फळ नसून बीजही असावे, असे अनेक संशोधक मानतात. पण थकवा, पुरळ, सांधेदुखी अशा प्रत्येक तक्रारीला आतड्याची गळती कारण आहे असे सांगून पावडरी विकणे याला आधार नाही. गळती वाढवणाऱ्या झोन्युलिन या प्रथिनाचे रक्तात मापन करणारे बाजारातले संच तर नेमके तेच प्रथिन मोजतात असेही सिद्ध झालेले नाही.

झोन्युलिनचा संबंध सीलिअ‍ॅक आजाराशी आहे. गव्हातल्या ग्लुटेनचे तुकडे आतड्यात झोन्युलिन सुटायला कारण होतात, सांधे सैलावतात, तुकडे आत शिरतात आणि ज्यांच्या अंगी तशी आनुवंशिक प्रवृत्ती आहे त्यांच्यात रोगप्रतिकारक पेशी अस्तरावर तुटून पडतात. व्हिलाय झिजून सपाट होतात. सांधे घट्ट करणारे लॅरॅझोटाइड हे औषध या रुग्णांसाठी शेवटच्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचले, पण अपेक्षित फायदा दिसत नसल्याने २०२२ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. त्यामुळे गहू, जव आणि त्यांचे पदार्थ आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपाय आजही आहे. ज्वारी आणि बाजरी यांत ग्लुटेन नसते. मात्र गावच्या गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेले ज्वारीचे पीठ अशा रुग्णाला चालत नाही, कारण दगडांच्या मध्ये राहिलेला गहू त्यात उतरतो. घरच्या छोट्या चक्कीवर फक्त ज्वारी-बाजरीच दळावी, आणि ते शक्य नसेल तर गिरणीवाल्याला सांगून आधी दोन-तीन किलो ज्वारी दळून ती जनावरांसाठी वेगळी ठेवावी, मग रुग्णाचे दळण घालावे.